अक्कांचे कप्पे

पासवर्ड टाइप करायची वेळ आली की अक्का सगळ्या ऑफिसला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. "वळा!" एवढाच हुकूम. मग मी, आमचे चाचा, समोर खुर्चीत बसलेला अशील, तेवढ्यात चहा घेऊन आलेला चहावाला, सगळे जिथे असू तिथे गर्रकन वळायचो. भिंतीवर एका पाइपवाल्याचं कॅलेंडर होतं, त्याच्यावरच्या संकष्ट्या आणि अमावास्या आम्हाला पाठ झाल्या होत्या. नवीन माणसाला वाटायचं, कुणाला तरी श्रद्धांजली चालली आहे. एक गुळाचे व्यापारी तर टोपी काढून, डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले होते. अक्का "झालं, फिरा!" म्हणाल्या तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. शेवटी चाचांनी त्यांना हलवलं.

अक्कांचं ऑफिस म्हणजे कर सल्लागाराचं. कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. दुकानदार, हॉटेलवाले, कागलच्या एमआयडीसीतले लहान कारखानदार, असल्या लोकांची रिटर्न भरायची, नोटिसांना उत्तरं द्यायची आणि त्यांच्या घरच्या कटकटी ऐकायच्या, हे आमचं काम. बी.कॉम. झाल्यावर माझी पहिली नोकरी तिथे. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मलकापुरातून रोज एसटीने यायचे. आता मलकापुरात माझं स्वतःचं लहानसं ऑफिस आहे, पण कुणी "काम कुठं शिकलीस?" असं विचारलं की मी अक्कांचं नाव जरा छाती फुगवूनच सांगते.

अक्का कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या व्यापारी लिंगायत घरातल्या. 'अक्का' हे नाव तिकडचंच. भांडायच्या मराठीत, आकडे मोजायच्या कानडीत, आणि फारच वैताग आला की "अय्यय्यो" म्हणून दोन्ही भाषा बाजूला ठेवायच्या. बुटक्या, मजबूत. इस्त्रीची सुती साडी आणि खाली पळायचे बूट. आवाज असा की परगावच्या अशिलाशी बोलताना फोनची गरजच काय, असं वाटावं. कोल्हापुरातल्या बायका "मी जातो, मी आलो" असं बोलतात, तशाच त्याही बोलायच्या. पण त्यांच्या तोंडी ते इतकं शोभायचं की त्या 'जाते' म्हणाल्या असत्या तर आम्हीच दचकलो असतो.

चाचा त्यांचे जुने कारकून. कागलचे. त्यांचे वडील आणि आजोबा तिथे शिलाईचं काम करायचे, चाचा मात्र आकड्यांत शिरले. मी येण्यापूर्वी म्हणे सगळ्या अशिलांचे पासवर्ड चाचांच्या डोक्यात असायचे. मला ऐकून केवढा आदर वाटला! मग कळलं की त्यात पाठ करण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्यांचा पासवर्ड एकच, देवीचं नाव आणि पुढे एकदोनतीन.

"आरं, देवी एकटी," अक्का म्हणायच्या, "तिला किती दुकानांच्या राखणीला हुबं करताय? तिला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

पुढे चाचांनी अक्कांच्या धाकानं सगळे पासवर्ड वेगळे केले आणि आपल्या कॉम्प्युटरवर एका तक्त्यात एकाखाली एक मांडले. आणि तिथेच घोळ झाला. दोन सख्खे भाऊ, धंद्यावरून फाटलेले, दोघेही आमचे अशील. आडनाव एकच, त्यामुळे तक्त्यात एकाखाली एक. थोरला आला, "माझा पासवर्ड सांगा जरा" म्हणाला. चाचांनी तक्ता उघडला, आणि थोरल्यानं स्वतःचा सोडून खालचा वाचला. संध्याकाळपर्यंत धाकट्याला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही ऑफिसात. भांडण असं रंगलं की खालचा झेरॉक्सवाला दुकान सोडून जिन्यात येऊन बसला. दुपार झाली तरी दोघं हटेनात, तेव्हा अक्कांनी स्वतःचा डबा उघडून त्यांना दोन टोकांना जेवायला बसवलं. जेवल्यावर दोघंही जरा गप्प झाले. पण अक्का गप्प झाल्या नाहीत.

त्यांनी पासवर्ड ठेवायचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. ते कसं वापरायचं याचे व्हिडिओ त्या पूर्ण आवाजात लावून बघायच्या, त्यामुळे इमारतीतल्या दंतवैद्यापर्यंत सगळे त्यात तरबेज झाले. त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे व्हॉल्ट करता येतात. अक्का त्यांना कप्पे म्हणायच्या. प्रत्येक कप्प्यात वेगळे पासवर्ड, आणि कोणता कप्पा कुणाला दिसावा ते आपण ठरवायचं. सगळे कप्पे मिळून प्रत्येकाचा एकच मुख्य पासवर्ड, तो फक्त ज्याचा त्याला ठाऊक. कंपनीनं आपल्याकडून दोन कप्पे तयार दिले होते, एक घरचा आणि एक कामाचा.

"दोनच?" अक्का स्क्रीनला म्हणाल्या. "एवढ्यात मावतंय काय माणूस?"

नुकतंच त्यांच्या पुतणीचं लग्न होऊन गेलं होतं आणि लग्नाची सगळी मांडामांड त्यांनीच केली होती. ती अजून डोक्यातून गेली नव्हती. त्यांनी कप्प्यांना नावं दिली. पहिला 'मांडव'. ह्यात वायफाय, लाइटबिल, कुरिअर, प्रिंटर. मांडवात कुणीही यावं. दुसरा 'वऱ्हाडी', म्हणजे लहान अशील, आम्हा दोघांनाही दिसणारे. तिसरा 'मानकरी', मोठे अशील, प्रत्येकाचा आत वेगळा कप्पा, ज्यांचं काम ज्याच्याकडे त्यालाच दिसणार. मग 'भावकी एक' आणि 'भावकी दोन'. भांडणारी जोडी आली की एकाला ह्यात आणि दुसऱ्याला त्यात टाकायचं, आणि दोन्ही भावक्या एका माणसाच्या हातात द्यायच्या नाहीत. आणि शेवटचा 'बोहलं'. ह्यात अक्कांच्या स्वतःच्या बँका आणि डिजिटल सही.

"बोहल्यावर कोण चढतंय?" त्या मला विचारायच्या.

"नवरा-नवरी."

"बाकीच्यांनी?"

"खालनं अक्षता टाकायच्या."

"मग टाका. वर चढू नका."

त्यांचा मुख्य पासवर्ड म्हणजे लहानपणचं कुठलंतरी कानडी लांबलचक वाक्य होतं. टाइप करताना त्या ते ओठांनी पुटपुटायच्या. भिंतीकडे तोंड करून चाचा म्हणायचे, "अक्का, ऐकू यायलंय." तेव्हापासून पासवर्ड टाकायच्या आधी त्या तोंडात वेलदोडा धरू लागल्या. महिन्याच्या शेवटी, रिटर्नच्या गर्दीत, ऑफिसला मिठाईच्या दुकानासारखा वास यायचा.

पण खरी गंमत कप्प्यांची नाही, कप्पे वाटायच्या रीतीची. दुसऱ्या कुणी ते कामाच्या हिशेबानं वाटले असते. अक्कांनी नात्याच्या हिशेबानं वाटले.

माझ्या मुलाखतीतच ह्याची सुरुवात झाली होती. मी मार्कलिस्ट घेऊन बसले होते, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"आजोळ कुठलं?"

मी सांगितलं.

"मावश्या किती? कुठं कुठं दिल्यात?"

मला वाटलं, बाई भाच्यासाठी मुलगी बघताहेत. मी नसलेला पदर सावरून बसले. मग आत्या झाल्या, मामा झाले, मामींची माहेरं झाली. "मावसभाऊ काय करत्यात?" मी म्हटलं, एक सैन्यात आहे आणि एकानं गगनबावड्याला नवीन हॉटेल टाकलंय. "हं," अक्का म्हणाल्या आणि वेलदोडा चघळत राहिल्या. नोकरी मिळाली. मला शेवटपर्यंत कळलं नाही की ती बी.कॉम.वर मिळाली की मावश्यांवर.

त्यांचं म्हणणं साधं होतं. कोल्हापूर जिल्ह्यात कुणीही कुणाचा तरी पाहुणा, म्हणजे नातेवाईक, असतोच. दोन अनोळखी माणसं चहा प्यायला बसली तर पेला संपायच्या आत एकमेकांचे साडू निघतात. मग ज्याचे पाहुणे ज्या कप्प्यात, त्या माणसाला तो कप्पा दिसता कामा नये. आणि पाहुण्यांचे वैरी ज्या कप्प्यात, तोही नाही.

चाचांना हे आधी लागलं. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं किराणा दुकान आमच्याकडे, आणि एका सकाळी ते चाचांच्या स्क्रीनवरून नाहीसं झालं. दोन दिवस चाचा फायली आपटत बसले. तिसऱ्या दिवशी मात्र हसत आले. काय झालं होतं, तर त्यांच्या भावकीत एका मुलीचं लग्न जमत होतं आणि नवऱ्यामुलाच्या घरचं रिटर्न आमच्या ऑफिसात भरलं जायचं, पण आता चाचांच्या स्क्रीनवरून तेही गेलं होतं. आजवर लग्नाच्या दर हंगामात चाचांना हा जाच. "मामू, पोराचं उत्पन्न खरं किती ते जरा बघून सांगा की." नाही म्हटलं तर वाकडं, हो म्हटलं तर पाप. ह्या वेळी चाचांनी दोन्ही हात वर केले. "मला दिसतच न्हाय. अक्कांनी बंद केलंय. कसम से." पाहुणे अक्कांना शिव्या घालत गेले आणि चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा लग्नाची बिर्याणी निर्धास्त खाल्ली. "पोरी, काय सांगू," ते मला म्हणाले, "मला ठाऊकच न्हाय, हे म्हणायला लई गोड लागतंय."

मला मात्र गोड लागलं नाही. गगनबावड्याला एक जुने हॉटेलवाले आमचे मानकरी अशील होते. घाटाच्या तोंडाशी त्यांचं हॉटेल, आणि बरोबर समोर माझ्या मावसभावाचं नवीन. मी कामाला लागले त्या दिवसापासून त्या हॉटेलवाल्यांचं नाव माझ्या स्क्रीनवर कधी आलं नाही. त्यांचं काम चाचा करायचे. त्यांचा फोन आला तरी मी "देते हं" म्हणून चाचांकडे द्यायचे. मला हे फार झोंबलं. मी मन लावून काम करत होते, उशीर करत नव्हते, चूक झाली तर लपवत नव्हते, आणि ह्या बाईंना माझ्यात एका मावशीच्या पोरापलीकडे काही दिसत नव्हतं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

"अक्का, मी काय त्याला जाऊन सांगणार आहे का?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय? काम कर," म्हणाल्या आणि तोंडात वेलदोडा टाकला. "वळा!"

मी वळले, पण फुगून.

पुढे ऐन पावसाळ्यात एका सकाळी ते हॉटेलवाले स्वतः आले. उंच, भक्कम माणूस, अंगावर रेनकोट, आणि त्यातून गळणारं पाणी आमच्या फरशीवर. जिन्यातूनच त्यांचा आवाज चढला होता.

"अक्का, माझ्या धंद्याचं आकडं बाहीर फुटल्यात! गेल्या महिन्याची इक्री किती, नफा किती, सगळा ष्टँड बोलायलाय. एसटीचा कंडक्टर मला पार्टी मागतोय!"

"बसा की पावणं. चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही कोण हाय, मला कळलंय. समोरच्या हॉटेलवाल्याची मावसबहीण न्हवं? तो माझ्या दारात बसलाय आनि ही हितं माझ्या कागदावर. आकडं कुठनं जातील? हिला आजच्या आज काढा, न्हायतर माझं समदं कागद बांधून द्या. आनि मी गप बसणार न्हाय. अख्ख्या बाजारात सांगणार, ह्या हापिसातली पोरगी चोर हाय."

चोर! मलकापुरात आमच्या घराण्यात हा शब्द कुणी कुणाला म्हटलेला मी ऐकला नव्हता. आणि पंचाईत अशी की मी केलं नाही हे खरं, पण ते दाखवायचं कशानं? रडायचं नाही म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले. ह्या कामात माणसाकडे एकच भांडवल असतं, त्याच्याकडे कागद सोपवून लोक निवांत झोपतात. ते गेलं की गेलं. कोल्हापुरात मला दुसऱ्या कुठल्या ऑफिसनं दारात उभं केलं नसतं.

अक्का उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे डबीतून वेलदोडा काढला आणि म्हणाल्या, "वळा."

"आं?" हॉटेलवाले म्हणाले.

"भिंतीकडं वळा, पावणं. पासवर्ड टाकायलोय."

एवढा संतापलेला माणूस, पण त्या आवाजापुढे वळला. रेनकोटातून पाणी ठिबकतंय, समोर पाइपवाल्याचं कॅलेंडर, एका बाजूला मी, एका बाजूला चाचा. "झालं, फिरा." अक्कांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"ह्यो तुमचा कप्पा. हे बघा, कुणाकुणाला दिसतोय. मी आनि चाचा. ह्यात हिचं नाव दाखवा."

हॉटेलवाल्यांनी वाकून बघितलं.

"हितं बघा, कोणी कवा उघडला. चाचा, चाचा, मी, चाचा. ही पोरगी ह्या दारात आल्याआल्या हिच्या मावश्या इचारून घेतल्यात मी. तुमचा कागद हिच्या टेबलावर एकदाबी आलेला न्हाय. तुमचा फोनबी ही चाचाकडं देती. आठवून बघा."

त्यांना आठवलं. ते आठवताना त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जरा सैल झाला. मग त्यांची नजर चाचांकडे वळायला लागली.

"तिकडंबी बघू नका. चाचाचं घाटावर कोण न्हाय. तपासलंय मी. आता मला सांगा, दर महिन्याचं आकडं आम्ही तुम्हाला कुठं पाठवतो?"

"ईमेलवर."

"त्याचा पासवर्ड कुणाकुणाला ठाव हाय?"

"कुणालाच न्हाय."

"सांगू नका, पर नुसतं म्हणा, कसा ठेवलाय?"

हॉटेलवाले जरा घुटमळले. "ध्यानात ऱ्हायला पायजे न्हवं? मग आमच्या वायफायचा हाय त्योच ठेवलाय."

"आनि वायफायचा कुठं हाय?"

"भिंतीवर."

"भिंतीवर?"

"गल्ल्याच्या वरती. मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय. पावसात आमच्याकडं मोबाइलची रेंज जाती ओ अक्का. कोकणात उतरणारा पावणा हुतो कासावीस, घरला कळवायचं असतंय त्याला. त्याला काय न्हाय म्हणायचं?"

मग अक्कांनी अगदी हळू विचारलं, "आनि ईमेलचा पत्ता?"

"बिलावर छापलाय. बुकिंगला."

आधी चाचा फुटले. टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. अक्कांनी आवरायचा प्रयत्न केला, पण तोंडातला वेलदोडा उडून कॅलेंडरवर आपटला. "अय्यय्यो! पत्ता बिलावर, चावी भित्तीवर, आनि वर गरम भजी! आता आकडं कोणी वाचलं ते कसं शोधणार? जिल्ह्यात भजी खाऊन गेलेल्या एकेकाला इचारत फिरा!"

खरंच, कुणी वाचलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग हॉटेलवाल्यांच्या भक्कम पोटातून जे हसू निघालं, ते खालच्या झेरॉक्सवाल्यानं पुन्हा जिन्यात यावं इतकं मोठं होतं. हसून झाल्यावर ते माझ्यासमोर आले आणि सरळ हात जोडले.

"ताई, चुकलं. तोंडाला ईल ते बोललो. ष्टँडवरबी मीच सांगतो, माझ्याच गाढवपणानं झालंय म्हणून."

मी "असू दे" म्हणाले. एकदम मोकळं वाटलं.

अक्कांनी तिथल्या तिथे त्यांच्या फोनवर ते सॉफ्टवेअर घालून दिलं आणि ईमेलला नवा पासवर्ड लावला. वीतभर लांब, अक्षर ना अर्थ. हॉटेलवाल्यांनी तो भक्तिभावानं पाहिला.

"मग ह्यो भिंतीवर न्हाय लिवायचा?"

"पावणं," अक्का म्हणाल्या, "चहा प्या."

त्यांनी दोन कप चहा घेतला, फरशीवरचं पाणी स्वतःच फडक्यानं पुसायला निघाले, चाचांनी हातातून फडकं काढून घेतलं, आणि मग ते गेले. जिन्यात अजून हसतच होते.

मी अक्कांच्या टेबलापाशी गेले. आता मला रडू यायला लागलं होतं, आणि हसूही थांबत नव्हतं. "अक्का," मी म्हटलं, "तुमचा माझ्यावर इतका विश्वास आहे, हे मला माहीतच नव्हतं."

"इश्वास?" त्यांनी चष्मा काढला. "इश्वास हाय म्हणूनच तुला नुसत्या इश्वासावर सोडलं न्हाय. त्या कप्प्याची चावी तुझ्याकडं असती, तर त्यानं तुझं नाव घेतल्यावर मीबी एकदा तुझ्याकडं बघितलं असतं. एकदाच. नुसतं असं. आनि तू ते बघितलं असतंस. मग मी कितीबी माफी मागितली असती तरी तू हितं राहिली न्हसतीस, पोरी. आनि मला तू हितं पायजेस."